खांद्यावरची पिशवी

बारामती-इंदापूर एसटीत उभ्या माणसाची पिशवी बसलेल्यानं मांडीवर घ्यायची, ही आमच्याकडची रीत. मी समोर उभ्या असलेल्या एका तात्यांच्या खांद्यावरची पिशवी ओढली, तशी त्यांनी माझं मनगटच धरलं.

"सोड! ती घेतलीस तर मला बी मांडीवर घ्यावं लागंल."

सदरा उचलून त्यांनी पोटातून निघालेली वायर दाखवली. काळजाला पंप बसवलेला, त्याच्या बॅटऱ्या पिशवीत.

मी घाबरून माझी पिशवी उचलून उठलो. "तात्या, घरी बसायचं की."

"बॅटऱ्या भरून आणल्यात, दोन जादा हायेत. वायर निघती तिथली जखमेची पट्टी सकाळीच बदललीया. एवढं जपतो, ते घरात कोंडून घ्यायला व्हय?"

माझ्या जागेवर ऐटीत बसून त्यांनी हात पुढं केला.

"आता तुझी पिशवी दे हिकडं."