मिलिमीटर काकांचा अंगठा

रिमोटवर पळणाऱ्या त्या हातभर गाड्यांना खेळणं म्हटलेलं आमच्या ह्यांना कधी चाललं नाही. पूर्वी मी मुद्दाम म्हणायचे, चिडवायला. आता म्हणायला जीभ रेटत नाही.

ह्यांची तीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात गेली. काम एकच, साच्यातून निघालेल्या लोखंडाच्या कडा ग्राइंडरने घासायच्या. दिवसभर ते धूड हातात थरथरायचं. घरी आले की दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसायचे, चहासुद्धा गार होऊ द्यायचे. पण रविवार आला की त्याच हातांची काय ती मिजास! एका बंद पडलेल्या गोदामात क्लबवाल्यांनी गालिचा अंथरून गाड्यांचा ट्रॅक केला होता. तिथे ह्यांना सगळे मिलिमीटर काका म्हणायचे. वॉशर, म्हणजे स्क्रूखाली घालायची ती पातळ चकती, अंगठ्याच्या नखाशी धरून नुसतं फिरवायचं आणि सांगायचं, "हा अर्ध्याचा. हा एकचा." पोरं वर्नियर, म्हणजे जाडी मोजायचा तो चिमटा, लावून बघायची आणि तोंडात बोटं घालायची. स्वतः हे वर्नियरला हात लावायचे नाहीत. "ज्याला बोटं नाहीत त्याने घ्यावं ते," म्हणायचे.

वॉशरचं एवढं काय कौतुक म्हणाल, तर ऐका. मलाही दहा वर्षं ऐकावं लागलंय. गाडी वळली की तिचं अंग बाहेरच्या बाजूला कलतं. ते ज्या बिंदूभोवती कलतं त्याला म्हणायचं रोल सेंटर. गाडीत तो कुठे दिसत नाही, कागदावर रेघा ओढून शोधावा लागतो. पण तो वर-खाली करता येतो. चाकाला वरून धरणारी एक बारीक दांडी असते, तिच्या आतल्या टोकाखाली वॉशर घातला की बिंदू खाली जातो, गाडी जास्त कलते, टायर जमीन घट्ट धरतात. वॉशर काढला की बिंदू वर येतो, गाडी ताठ राहते. पकड फारच घट्ट झाली तर वळणावर गाडी सरळ उलटीपालटी होते. म्हणून एका मिलिमीटरसाठी ही माणसं अख्खा दिवस घालवतात. आणि दोन्ही बाजू सारख्याच हव्यात, हे तर मलासुद्धा कळतं.

गाडी जुळवून द्यायचे हे, चालवायची आमची लेक. सत्तावीस वर्षांची घोडी, एका ऑफिसात दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि घरी येऊन कोणाशी बोलायची नाही. बोलायची ती फक्त ह्यांच्याशी, आणि तेही गाडीबद्दल. त्या वर्षी सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने सांगितलं होतं, मोसमातली शेवटची रेस जो जिंकेल त्याला आमच्या टीममध्ये घेऊ. पगारी काम, गाड्या चालवून बघायचं. लेक महिनाभर आधीपासून झोपेतसुद्धा बोटं हलवायची. मला म्हणाली, "आई, तो फोन परत कानाला लावायला लागला ना, तर मी वेडी होईन गं."

आता ज्यासाठी हे सगळं सांगतेय ते सांगते. ह्यांची बोटं मेली होती. मला कळलं ते स्वयंपाकघरात. ह्यांनी विस्तवावरच्या पातेल्याचं तापलेलं झाकण उघड्या हाताने उचललं आणि ते हातात धरून माझ्याशी बोलत उभे राहिले. मीच किंचाळले. डॉक्टर म्हणाले, मशीनच्या थरथरीने नसा गेल्यात, आता परत येणार नाहीत. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "पोरीला सांगायचं नाही." मी बरं म्हटलं. काय म्हणणार?

पण पोरीला आधीच कळलं होतं! हे चहाला गेले की ती दर रविवारी गुपचूप स्क्रू काढायची, वॉशर मापायची, चुकलं असेल ते बदलायची आणि होतं तसं लावून ठेवायची. वर्षभर चाललं होतं ते. शेवटच्या रेसच्या तीन आठवडे आधी हे मधेच परत आले आणि तिच्या हातात वर्नियर बघितलं. चार दिवस तोंडाला कुलूप. ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे आणि उठायचे.

आणि मग मी शहाणी! मी लेकीला बाजूला घेतलं आणि झापलं. म्हटलं, "हात गेले त्यांचे, आता मानही काढून घेतेस? परत त्यांचं काम तपासायचं नाही. माझी शपथ आहे." ती म्हणाली, "आई, चुकलं तर?" मी म्हटलं, "दहा वर्षांत चुकले नाहीत." हे मी डॉक्टरांचं सगळं ऐकून आल्यावर म्हटलं बरं का! आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

शेवटच्या रेसला मी मुद्दाम गेले. दुपारपर्यंत गालिच्यावर टायरांचं रबर बसून पकड खूप वाढली होती, गाड्या पटापट उलटत होत्या. हे म्हणाले, "पुढच्या चाकांना दोन्हीकडे दोन-दोन वॉशर आहेत. एकेक काढतो. बिंदू वर येईल, गाडी ताठ राहील." निर्णय अगदी बरोबर होता, सगळे तेच करत होते. डावीकडचा स्क्रू काढला, एक वॉशर काढला, परत लावला. मग उजवीकडचा. लेक शेजारीच उभी होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच नको म्हटलं.

पहिल्या दोन फेऱ्यांत ती पुढे होती. तिसऱ्या फेरीत लांबलचक डाव्या वळणावर गाडी उजवीकडे कलली, कलतच गेली आणि उलटली. ह्यांनी धावत जाऊन सरळ केली. पुढच्या फेरीला तिथेच परत. मग ती तिथे दबकत चालवायला लागली आणि एकेक जण पुढे निघून गेला. सहावी आली. कंपनीच्या माणसाने पहिल्या आलेल्याच्या पाठीवर थाप मारली. आमच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

हे सामान आणायला आत गेले तेव्हा लेकीने बाहेर पायरीवर बसून उजवीकडचा स्क्रू काढला आणि मला दाखवला. दोन वॉशर, तेलाने एकमेकांना चिकटलेले. त्या अंगठ्याला ते एकच वाटले होते, म्हणून आधी दोन समजून तीन घातले गेले आणि आज एक काढूनही दोन उरले. ती म्हणाली, "बाबांना सांगायचं नाही." आणि हे आल्यावर स्वतःच म्हणाली, "बाबा, माझंच चुकलं. वळणावर घाई केली."

घरी जेवताना हे बोलायला लागले. कित्येक दिवसांनी एवढे बोलत होते. "घाई नडली बघ तुला. वळणात शिरताना जरा धीर धरायचा. हात अजून कच्चा आहे तुझा." लेक मान खाली घालून हो बाबा, हो बाबा करत होती. मला घास गिळवेना. तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी बोलून टाकलं, "अहो, पुरे करा! उजवीकडे दोन वॉशर होते!"

मला वाटलं, हे कोसळतील. हे शांतपणे पाणी प्यायले आणि म्हणाले, "माहीत आहे. उलटी गाडी उचलली तेव्हाच दिसलं. उजवीकडची दांडी डावीपेक्षा वर होती."

लेकीने मान वर केली. "तेव्हाच? मग तिथेच एक काढायचा ना बाबा! रेस अर्ध्याहून जास्त बाकी होती."

"सगळ्यांच्या समोर?" हे म्हणाले.

एवढंच म्हणाले. लेकीने ताट उचललं, मोरीत ठेवलं, हात धुतले. सकाळी ती ऑफिसला गेली. त्यानंतर ती गोदामात कधीच गेली नाही. दीड महिन्याने ऑफिसजवळ खोली घेतली. महिन्यातून एकदा येते, माझ्याशी बोलते, बाबांना बरे आहात ना विचारते आणि उत्तराला थांबत नाही.