बाबानं कवच सोडलं तेव्हा

परवा भाजी घेऊन परतताना वळणावर एकदम तो वास आला. जवसाच्या तेलात खललेला शेंदूर! रस्ता रुंद करायला खणलं, त्यात कुठलासा उभट दगड निघाला, आणि दोन माणसं मोठ्या भक्तीनं त्याला माखत बसली होती. कोणाचा, कुठला, कशाचा, काही चौकशी नाही. दगड उभा दिसला की आपल्या माणसांचे हात शिवशिवतात. त्या दोघांना वाटलं, मी नमस्काराला थांबले. मी मात्र पदर नाकाला लावून उभी होते, आणि या वयातही तो वास सोसत नाही याचं मलाच नवल वाटलं. तुमच्यासारखं कोणी ऐकणारं भेटलं तर सांगावंसं वाटतं. एरवी घरचे म्हणतात, झालं, बाईंचं पुन्हा सुरू झालं.

सेवाग्रामला शिकून मी नुकती मास्तरीण झाले होते आणि पहिली नेमणूक वडनेरच्या पलीकडच्या एका गावात मिळाली. गावाचं नाव सांगत नाही. ते अजून आहे, आणि त्यातली माणसं चांगली आहेत. ती चांगली होती, हेच तर माझं दुखणं आहे. मुलगी एकटी राहते म्हणून त्यांनी मला सरपणापासून ताकापर्यंत काही कमी पडू दिलं नाही. ताक यायचं मालगुजारांच्या घरून. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, कायद्यानं केव्हाच गेली होती, पण लोकांच्या तोंडून काही जात नव्हती. मालगुजार म्हणजे खाली मान घालून बोलणारा, पिकल्या मिशांचा मोठा सालस माणूस. शाळेसमोर एक जुना कडूनिंब होता आणि निंबाखाली गावाचा बाबा. कमरेइतका उंच, शेंदरानं फुगलेला, चांदीचे डोळे लावलेला. ताप, विंचू, हरवलेली गाय, अडलेलं बाळंतपण, सगळं त्याच्याकडे. पायातलं काढल्याशिवाय त्याच्यासमोरून कोणी जात नसे. आमच्याकडचा वैशाख तुम्हाला माहीत आहे. धुळीत पापड भाजून निघावा. तरी माणसं जोडे हातात घेऊन चटके खात तिथून टुणटुणत जायची, आणि मी शाळेच्या खिडकीतून बघून पदराआड हसायची.

त्याच वैशाखात बाबानं कवच सोडलं. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्षानुवर्षं शेंदराचे थर चढत जातात आणि एखाद्या कडक उन्हाळ्यात तो सगळा भार सालपटासारखा सुटून खाली येतो. मग ते कवच वाजतगाजत नदीत सोडायचं, शनिवार पाहून नवा शेंदूर चढवायचा. तोवर दगड उघडा, आणि उघड्या दगडात देव नसतो, असं तिकडची जुनी माणसं पक्कं मानत. तोवर नारळ नाही, नवस नाही. तर कवच पडलं त्या सकाळी मालगुजार स्वतः शाळेच्या दारात. म्हणाले, “बाई, देवाच्या आंगावर अक्षरं निंगाले. वाचून सांगता का?”

अक्षरं खरंच होती. गुळगुळीत घासलेला दगड, आणि त्यावर छिन्नीनं नीट कोरलेलं बाळबोध. मी मोठ्यानं वाचलं: “या गावातून सात इसम मोठ्या लढाईत गेले. पैकी एकाने प्राण अर्पण केले.” बस्. खाली काही नाही. सरकारनं पहिल्या महायुद्धानंतर चावडीपुढं बसवलेली पाटी होती ती! चावडी पडली, पाटी राहिली, आणि कोणीतरी तिला शेंदूर लावला. मी थक्क. गावाला मात्र आनंदाचं भरतं आलं. आपला बाबा शूरवीर निघाला! संध्याकाळपर्यंत चार घरांनी तो आपलाच पूर्वज असल्याचं जाहीर करून टाकलं.

मला काय, नवा उत्साह! ज्याच्या पायावर लेकरं घालता तो कोण, हे कळायला नको? मी घरोघर फिरले. सातांपैकी एक मालगुजारांचा काका. तो तर ग्रामोफोन घेऊन परत आला आणि पुढं पटकीनं गेला. एक परतून नागपूरच्या गिरणीत लागला. असे सहा जिवंत परतलेले सापडले, पण सातवा काही केल्या सापडेना. सातव्याबद्दल विचारलं की म्हातारे तंबाखू मळू लागत. “असंन कोनी. लय जुनी गोठ हाय, बाई.” नाल्यापलीकडच्या वस्तीत विचारू का म्हटलं, तर एकजण म्हणाला, “तिकडं काऊन जाता? थे लोक आता देव मानत नाईत.” तेही खरंच होतं. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा ती सगळी वस्ती पांढरे कपडे घालून गेली होती, आणि परतून तिनं घरातले देव नदीला दिले होते.

तरी मी गेले. नाल्यापलीकडच्या विहिरीवर पहिली जी बाई दिसली तिला विचारलं. तिनं घागर खालीसुद्धा ठेवली नाही. “लढाईवर मेला थो? थे बाई बसली ना उंबऱ्यावर, तिचा भाऊ.” अहो, पाणी भरता भरता सांगितलं! अख्ख्या गावात कोणाला आठवत नव्हतं ते इथं पाणी भरायला आलेल्या कोणालाही ठाऊक होतं.  मी विहिरीच्या काठावर बसून राहिले.

उंबऱ्यावरची बाई पन्नाशीची, पांढऱ्या लुगड्यातली, सुपात तूर पाखडत होती. मी मावशी म्हटलं तसं तिनं वर पाहिलं आणि आधी मला पाणी दिलं. मी ते प्याले, तेव्हा कुठं बोलू लागली. “माहा मोठा भाऊ. मी लहान पोट्टी होतो तवा. रजेवर आलता, तर पायात सरकारी बूट. खटखट वाजे चालला का. त्याच निंबाखाली गावानं अडवला त्याले. म्हने, बूट काढ अन् डोक्यावर घे. त्यानं घेतले, मायबाई. मी मांगंच होतो त्याच्या. मंग थो लढाईवर समुद्रापार बसऱ्याकडं गेला, थो गेलाच.” ती सूप हलवत राहिली, आणि एकदम हसली. “अन् आता सारं गाव तिथंच जोडे काढते!”  मी खिडकीतून रोज बघत होते ती गंमत ही होती.

“हाड नाई आलं, राख नाई आली,” ती म्हणाली. “हा गोटा आला. माय दर बाजाराच्या दिशी जाये, बाभळीपाशी उभी राहून दुरूनच पाहे. जवळ कोन जाऊ देते? मरताना मले म्हने, माह्यानं नाई झालं, तू एकडाव तरी त्याच्या नावावर हात फिरवजो. तवा तं गावाचं भेव होतं. मंग त्याले शेंदूर लावला, देव केलं त्याचं. आता मी देवाले हात लावत नाई, नागपूरले वचन देऊन आलो. मायले देलेला शब्द तसाच राह्यला.”

“पण मावशी,” मी म्हटलं, “आता तो उघडा आहे. शनिवारपर्यंत तो देव नाही. त्यांचीच रीत आहे ही.”

सूप तिच्या हातातच राहिलं. “खरं म्हनता?” एवढंच तिनं विचारलं. शुक्रवारी दुपारी यायचं ठरलं.

परतताना मी तडक मालगुजारांकडे गेले. म्हटलं, या माणसाला सांगितलंच पाहिजे, केवढा धक्का बसेल! बाबा कोणाचा कोण होता, ते मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. “मले मालूम हाय, बाई. गोटा कोनाचा थे जुन्या लोकायले सगळ्यायले मालूम हाय, अक्षरं तेवढे वाचता येत नव्हते.” मी म्हटलं, मग? तर शांतपणे म्हणाले, “मानूस होता तवा इटाळ होता. देव झाल्यावर इटाळ कुठचा?” आणि मग त्यांचा आवाजच बदलला. “माही पोरगी त्याच्याच अंगाऱ्यानं उठून बसली. मी खऱ्या मनानं डोकं ठेवतो त्याच्यापुढं. खोटं नाई सांगून राह्यलो.” ते खोटं सांगत नव्हते, तेच तर भयंकर होतं! लबाड माणसाशी भांडता येतं. या सालस, खऱ्या भक्ताशी मी काय बोलणार होते, कपाळ? घरी आले आणि त्या दिवशी त्यांच्या घरून आलेलं ताक तसंच झाकून ठेवलं.

शुक्रवारी भर दुपारी ती आली. एकटी. पायात चपला. मालगुजार शाळेच्या ओसरीवर बसले होते, ते ताडकन उठले. “चपला...” एवढं त्यांच्या तोंडून निघालं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते परत खाली बसले, आणि सांगायला हरकत नाही, माझा जीव भांड्यात पडला. ती चपलांसकट दगडापाशी गेली, वाकली नाही, हात जोडले नाहीत. तापलेल्या दगडावर तिनं तळवा टेकला आणि तसाच ठेवला. मग अक्षरांवरून हळूहळू बोटं फिरवू लागली, अशी की वरून खाली, पुन्हा वरून खाली. तिला वाचता येत नव्हतं.

“बाई,” ती म्हणाली, “याच्यात त्याचं नाव कुठी हाय? तिथं माहं बोट ठेवून द्या.”

 मला वाटलं होतं, तिला माहीत असेल. उंबऱ्यावर तिनं ‘नावावर हात’ म्हटलं होतं आणि माझ्या कानावरून ते नुसतं गेलं होतं. कसंबसं म्हटलं, “मावशी, नाव नाही यात.”

“मंग का लिवलं?”

“पैकी एकानं प्राण दिले, असं.”

“एक?”

“एक.”

मी तिचं बोट त्या शब्दावर ठेवलं. ‘एका’. त्या दोन अक्षरांवर तिचं बोट बराच वेळ होतं. मग तिनं मला विचारलं, माझ्याकडे न बघता, “मंग माह्या मायनं जनमभर दुरून काय पाह्यलं?”

मला रडू फुटलं, तिला नाही. मी म्हटलं, अल्लीपूरहून पाथरवट आणते, उद्याच्या आत नाव कोरून घेते, कोण अडवतो बघते. मी तेव्हा तशी होते, तोंडाळ. तिनं मान हलवली. मला जवळ ओढलं आणि माझ्या कानात त्याचं नाव सांगितलं. साधं, दोन अक्षरी, कुठल्याही घरात सापडेल असं नाव. मग म्हणाली, “कोनाले सांगू नका. नाव समजलं का नावानं नारळ फोडतीन. बाकी तं सगळं घेतलं त्याचं. एवढं आमच्याकडं राहू द्या.” आणि उन्हात चपला वाजवत ती नाल्याकडे निघून गेली.

शनिवारी डफडं वाजलं, शेंदूर चढला, चांदीचे डोळे पुन्हा बसले. मी शाळेचं दार लावून आत बसून होते. वर्षभरानं बदली मागून घेतली. माणसाला विसरण्याच्या किती तऱ्हा असतात, आणि त्यातली सर्वांत पक्की तऱ्हा हात जोडूनही पार पाडता येते, हे मला कुठल्याही शाळेत कोणी शिकवलं नसतं. अजूनही वाटतं, त्या दिवशी कोणीतरी तिला शिव्या दिल्या असत्या तर मी कमी हादरले असते.

ती आता असणं शक्य नाही. मूलबाळ तिला नव्हतं. नाल्यापलीकडची जुनी माणसंही सरली असतील. म्हणजे बसऱ्याकडे मेलेल्या त्या पोराचं नाव जाणणारी जगात बहुधा मीच एकटी उरले. हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, शेवटच्या ओळीत ते लिहून टाकावं आणि मोकळं व्हावं. लिहीत नाही. माझ्याबरोबर ते जाईल, आणि मग त्याचं इथं काहीच राहणार नाही. पण तिनं माझ्याकडे एवढंच मागितलं होतं.