लॉगिन झालेली स्थळं

सॉफ्टवेअरच्या ऑफिसात किस्से होत नाहीत असं ज्याला वाटतं, त्यानं वसमतला येऊन आमच्या वधूवर साइटचा फोन एक दिवस उचलावा. मालक जोशीकाका, आधी देवस्थानात कारकून. कोड लिहिणारा प्रशांत. आणि लोकांची बोलणी खाणारी मी!

*

सुरुवातीला थोडा वेळ काही केलं नाही, की साइट लॉगिन संपवायची. कुरुंद्याचे एक गृहस्थ पोरीची जन्मवेळ विचारायला बायकोकडे हळदीच्या रानात गेले. परत येऊन बघतात तर स्क्रीनवर 'सेशन एक्स्पायर्ड'. तडक फोन!

"ताई, कोण एक्स्पायर झालं? लग्नाच्या कामात असं अभद्र काहून लिहून राहिले तुमी?"

*

कोण कोण लॉगिन आहे याच्या नोंदी, म्हणजे सेशनं, सगळी सर्व्हरच्या मेमरीत असायची. सर्व्हर रीस्टार्ट केला, की सगळे एका झटक्यात बाहेर. ऐन रविवारी दुपारी प्रशांतनं नेमकं तेच केलं. काकांनी कपाळावर हात मारला, "अरे, भरल्या पंगतीतून वऱ्हाड उठवलंस की रे!"

दुसऱ्या दिवशी सेशनं डेटाबेसमध्ये गेली, रीस्टार्ट केलं तरी न पुसणारी.

*

काकांना कुकी समजावणं हा प्रशांतचा वेगळाच कार्यक्रम.

"लॉगिन केलं की सर्व्हर ब्राउझरला एक नंबर देतो, काका. तो दाखवला की सर्व्हर माणूस ओळखतो. त्यालाच कुकी म्हणतात."

"म्हणजे देवळाबाहेरचं चपलांचं टोकन!"

"बराबर!"

"आणि ते दुसऱ्यानं उचललं तर?"

"तर तो तुमची चप्पल घालून जातो."

"मग देवस्थानापेक्षा सुधारणा काय केलीस तू?"

*

पुसेगावच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर भाचीसाठी स्थळं बघून एका मामांनी लॉगआउट केलंच नाही. त्यांच्यानंतर बसलेल्यानं मामांच्याच खात्यातून चार मुलांना 'पसंत आहे' कळवून टाकलं. मामा फोनवर खवळले.

"मामा, उठताना लॉगआउट केलं होतं का?"

"केलं की! पडदा काळा होईस्तोवर बटन दाबलं!"

म्हणजे मॉनिटर बंद. मी माफी मागून ते सगळं रद्द करायला निघाले, तर मामा हळूच म्हणाले, "त्यातला एक पोरगा बरा दिसून राहिला. त्याचा नंबर द्या."

*

काही फोनांत कुकी चालेना, म्हणून प्रशांतनं तो टोकनवाला सेशनचा नंबर लिंकमध्येच जोडला होता. सेनगावकडच्या वाठोरे गुरुजींना मुलीचं लॉगिन जमत नव्हतं. प्रशांतनं आपल्या स्क्रीनवरची लिंक त्यांना पाठवली. त्या वेळी तो स्वतःच्याच खात्यात होता, त्याच्या आईनं माहिती भरलेल्या! गुरुजींनी लिंक दाबली आणि थेट प्रशांत होऊन आत गेले.

फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"ताई, हे 'नमस्कार, प्रशांत' काहून येऊन राहिलं? खाली लिहिलंय, मुलगा हुशार आहे. भाकरी थापतो. पालीला घाबरतो. बोलायला लागला की चांगला बोलतो, पण लागत नाही."

प्रशांत लालेलाल! धावत येऊन फोनवर ओरडला, "गुरुजी, आधी लॉगआउट करा!"

मागून पोरीचा आवाज आला, "बाबा, थांबा हो. मला फोटो बघू द्या!"