बुरुजाखालचा खड्डा

पनवेलच्या वरच्या अंगाला, गाढी नदीच्या काठी एक जुना कोट होता. कोट म्हणायचा एवढंच. तीन बाजूंच्या भिंती कधीच ढासळल्या होत्या, नदीकडचा एक बुरूज तेवढा शाबूत. त्याच्या पायथ्याशी दहा-बारा घरांची वाडी. मोठा पूर आला की वाडीतली माणसं गुरं सोडून देत आणि त्या बुरुजावर जाऊन बसत. आज्या-पणज्यांपासून असंच चाललेलं.

या वाडीतला दयाराम विहिरी खणायचा. माती हातात चोळून पाणी किती हातांवर लागेल ते सांगायचा आणि सहसा चुकत नसे. कुठल्या कडेला आधार द्यायचा, कुठली कड अंगावर येईल, हे त्याला बापाने शिकवलेलं. पंचवीस वर्षांत त्याच्या विहिरीत कुणाला खरचटलंही नव्हतं.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात मुंबईहून कुमार नावाचे एक निवृत्त कारकून आले. त्यांच्याजवळ मोडीतला एक कागद होता. किल्लेदार पळून जाताना बुरुजाच्या पोटात हंडे पुरून गेला, असं त्यात लिहिलंय म्हणत. त्यांनी दयारामला मजुरीवर घेतलं आणि कुठे बोलू नकोस म्हणून बजावलं. दोन महिने खणून फुटक्या कौलांखेरीज काही निघालं नाही. कुमार कंटाळले, कागद दयारामच्या हातात ठेवून निघून गेले.

दयारामला अक्षर येत नव्हतं, पण खूळ लागलं ते लागलंच. दुपारी वाडी शेतावर गेली की तो झुडपांतून आत शिरे आणि बायको, ठमाबाई, पाटीने माती नदीत टाकी. हे सोड म्हणून ती सांगून सांगून थकली. शेजारचा काशिराम त्याचा लहानपणापासूनचा सोबती. त्याने विचारलं तर ससे धरतो म्हणून दयाराम वेळ मारून नेई. तिसऱ्या वर्षी खड्डा बुरुजाच्या पायाखाली गेला. विहीर असती तर अशा कडेखाली त्याने कुणाला उतरू दिलं नसतं. इथे त्याने दोन वासे टेकवले आणि अजून हातभरच, असं स्वतःला सांगत राहिला.

एकोणनव्वदच्या जुलैत गाढी फुगली. दयाराम सकाळीच पनवेलला पहारीला धार लावायला गेला होता. पूल पाण्याखाली गेला आणि तो तिकडेच अडकला. वाडीत पाणी शिरलं तशी माणसं बुरुजाकडे निघाली. ठमाबाई वाटेत आडवी उभी राहिली.

"बुरुजाव जाऊ नका. टेकाडाव चला."

"काय झाला बुरुजाला?" काशिरामने विचारलं. पाठुंगळीला त्याची म्हातारी आई होती.

ठमाबाईच्या ओठांवर आलं होतं. पण सगळ्या वाडीसमोर नवऱ्याचं नाव घ्यायला तिची जीभ उचलेना. "माझा आयका," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

टेकाडाच्या वाटेवर ओढा होता, त्याला कमरेएवढं पाणी. तरी माणसं तिच्यामागून गेली. काशिरामची बायको शकूही लेकीला घेऊन गेली. आईला पाठीवर घेऊन ओढा ओलांडणं होणार नाही, म्हणून काशिराम तेवढा बुरुजावर चढला. दुपारी टेकाडावरून सगळ्यांनी पाहिलं. बुरूज आधी जागच्या जागी खाली बसला, मग नदीत गेला.

दुसऱ्या दिवशी दयाराम पोचला तेव्हा म्हातारी सापडली होती. काशिराम तीन दिवसांनी खाडीच्या तोंडाशी मिळाला. पंचनाम्यात पुराने बुरूज पडला असं लिहिलं गेलं. दयारामने खाली अंगठा उठवला.

 तेराव्याची माणसं पांगल्यावर दयाराम शकूच्या ओटीवर जाऊन उभा राहिला.

"शकू, बुरूज पान्यानं नाय पडला. खाली मी तीन वर्सां खनलेला, हंड्यांपायी."

शकू भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

"काय घावला?"

"काय नाय."

"तीन वर्सां खनलास, आनि काय नाय?"

त्याने मान हलवली. तिने राखेचे हात धुतले. मग म्हणाली, "ठमावयनीला ठाव होता."

 शकूने पुन्हा भांडं उचललं.

ही गोष्ट तिने वाडीत कुणाला सांगितली नाही. दयारामने विहिरी खणणं सोडलं. दरवर्षी आपल्या शेताच्या आधी तो शकूचं शेत नांगरी, तिची लावणी उरकून देई. ती करू देई. पण बांधावर त्याला कधी पाणी विचारलं नाही, आणि ठमाबाई दिसली की वाट बदलून जाई. टेकाडावर नेऊन जिने तिचा आणि लेकीचा जीव वाचवला तीच ही बाई, हेही शकूला ठाऊक होतं. त्याचाच तिला जास्त त्रास होई.

सत्त्याण्णवला कावीळ होऊन दयाराम गेला. त्या दिवशी आठ वर्षांनी शकू त्या घरात आली आणि ठमाबाईशेजारी बसली.

"मी तवा बोलायला होवा होता," ठमाबाई म्हणाली.

"होवा होता," शकू म्हणाली.

संध्याकाळी तिने घरून पेज आणली. ठमाबाईने तोंड लावलं नाही. पेज निवत गेली तरी शकू उठली नाही, बसूनच राहिली.