तीन नंबरची बाटली

राहीबाईंच्या अंगणात एप्रिल लागला की पाय ठेवायला जागा नसते. पोलादपूरपासून बिरवाडीपर्यंतच्या बायका मिरच्या, धणे, दगडफूल बांधून आणतात. कुटायला गिरण्या महाडात गल्लोगल्ली आहेत, बायका येतात त्या मसाल्याच्या भाजणीसाठी. धणे कधी उतरवायचे, खसखस कुठवर तापवायची, हे राहीबाई कढईकडे न बघता, नुसत्या वासावर सांगत. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून लग्न होऊन आल्या तेव्हा अंगात दुसरं कसब नव्हतं. नवरा गेल्यावर मंगेशला आयटीआयपर्यंत शिकवलं, ते याच नाकाच्या जोरावर.

आणि ते नाक गेलं होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ताप आला, गेला, वास काही परत आला नाही. राहीबाईंनी हे कुणालाच सांगितलं नाही. शेजारच्या काशीबाईचे डोळे अधू झाले तर सगळ्या आळीने हळहळ केली होती. पण भाजणी करणारीला वास येत नाही म्हटल्यावर हळहळ पुरणार नव्हती, पिशव्या परत गेल्या असत्या. मग त्या धण्यांचा तडतडाट ऐकू लागल्या, मिरचीचा रंग बघू लागल्या, मनातल्या मनात आकडे मोजू लागल्या. साडेतीन वर्षं निभावलं. अडचण एकच, सून तेजश्री. भाजणी सुरू झाली की ही हातातलं काम टाकून कढईशी येऊन उभी राहायची आणि मध्येच म्हणायची, "आई, उतरवूया ना आता?" जरा जास्तच पुढंपुढं करते, असं राहीबाईंचं मत होतं.

पंचवीस डिसेंबरला मंगेशचा शाळेपासूनचा दोस्त अश्वजित येतो. नाशिककडे एका वाइनच्या कारखान्यात तो कामाला आहे. सकाळी आईला घेऊन मनुस्मृतिदहनाच्या क्रांतिस्तंभावर जायचं आणि संध्याकाळी बायकोला, प्रियदर्शिनीला घेऊन मंगेशकडे जेवायला, हा त्याचा दरवर्षीचा शिरस्ता. सोबत तीन-चार लाल वाइनच्या बाटल्या. पहिल्या वर्षी राहीबाईंनी त्या ओट्यावरही ठेवू दिल्या नव्हत्या. "काकू, पिऊ नका, वास तर घ्या," असं म्हणून त्याने पेला नाकाशी धरला. राहीबाई म्हणाल्या, "ह्यात जांभळाची साल हाय. नि ह्या दुसरीत लवंग, जरा जळकं लाकूड." अश्वजित बघतच राहिला. त्याच्या कारखान्यात नव्या पोरांना हे ओळखायला सहा महिने लागत. तेव्हापासून काकूंचा शब्द अखेरचा, आणि पुढे त्या घोटभर चाखूही लागल्या. आजारपणानंतर त्यांनी युक्ती काढली होती. आधी सगळ्यांना बोलू द्यायचं आणि मग मान हलवून म्हणायचं, "हां, तेच."

यंदा अश्वजितने नियमच बदलला. चारही बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून त्यावर आकडे घातले. चहाच्या काचेच्या ग्लासांत दोन-दोन घोट ओतले. गावठी कोंबडीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या. जेवण ओळखाओळखीनंतर.

"दरवर्षी काकू शेवटी बोलतात आणि नुसतं 'तेच' म्हणून सुटतात," तो म्हणाला. "यंदा पहिला मान त्यांचा. चारांतली सगळ्यात चांगली कुठली?"

"मी म्हातारी. आधी तुमी बोला."

"आई, भाव खाऊ नको गं," मंगेश म्हणाला. "रस्सा थंड होतोय."

राहीबाईंनी चारही ग्लास एकेक करून नाकाशी नेले. चारांतही पाण्याइतकाच वास. मग घोट घेतले. पहिली आंबट, दुसरी जीभ ओढणारी, चौथी जरा गोडसर. तिसरी कुठेच न टोचणारी. त्यांनी तीनवर बोट ठेवलं.

"ही. ही चांगली. लवंग हाय हिच्यात."

अश्वजितच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच थिजलं. प्रियदर्शिनीने तिसरा ग्लास उचलला आणि लगेच लांब धरला. मंगेशने हुंगलं आणि मोठ्याने हसला.

"लवंग? आई, अगं पूर ओसरल्यावर वाण्याच्या दुकानातली भिजकी गोणपाटं बाहेर काढली होती ना, तो वास आहे हा!"

"बूच खराब झालेली बाटली आहे," अश्वजित खालच्या आवाजात म्हणाला. "चवीला तेवढी कळत नाही, वासाला लगेच कळते. मी गंमत म्हणून ठेवली होती, काकू. मला वाटलं, तुम्ही ग्लास नाकाशी नेताच ओरडाल."

"आईंना दोन दिवस सर्दी आहे," तेजश्री पटकन म्हणाली. "चला, मी वाढते."

राहीबाईंना सर्दी नव्हती. आणि सकाळीच त्या तेजश्रीबरोबर सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन आल्या होत्या, म्हणजे हे तिलाही पक्कं ठाऊक होतं. त्यांनी सुनेकडे बघितलं. तेजश्री भाकऱ्यांवरचं फडकं काढत होती, मान वर करत नव्हती.

"तुला कधीपास्नं ठावं हाय?"

"काय, आई?"

"उगं नको. सांग."

तेजश्रीने फडक्याची घडी केली. "त्याच वर्षी. दूध करपलं होतं. घरभर वास. तुम्ही त्याच दुधाचा चहा केलात आणि म्हणालात, साखर कमी पडली."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही बोलत नव्हता म्हणून."

मंगेश एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत होता. राहीबाईंच्या डोळ्यांपुढून साडेतीन वर्षांच्या कढया गेल्या. "उतरवूया ना आता?" प्रत्येक वेळी ही बरोब्बर वेळेला म्हणाली होती. त्यांचे आकडे नव्हे, हिचं नाक चाललं होतं. आणि आपण माघारी शेजारणीला सांगत होतो, सून फार पुढंपुढं करते म्हणून. त्यांना खूप लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त हलकं वाटलं. ताप उतरल्यावर वाटतं तसं.

"म्हणजे मी तीन वर्षं नाशिकला नेते तो मसाला कोणाचा?" प्रियदर्शिनीने विचारलं.

"हिचा," राहीबाई म्हणाल्या.

"दोघींचा," तेजश्री म्हणाली. "मला काय कळतंय किती काय घालायचं ते!"

"बस गो हितं माझ्याशेजारी. वाढंल मंगेश. त्याला हात हायत." त्यांनी पहिला ग्लास सुनेपुढे सरकवला. "सांग मला. काय वास येतो?"

तेजश्री आधी लाजली. मग तिने डोळे मिटले. "करवंदं. पिकून काळी झालेली. आणि... नव्या चपलेसारखं काहीतरी."

"चामडं! बरोबर!" अश्वजितने मांडीवर थाप मारली.

"आनि दुसरी जिभेला धरते बघ, कच्च्या केळ्याच्या सालीवानी," राहीबाई म्हणाल्या. "कोंबडीसंगं हीच बरी. तिखटाला पुरून उरंल."

रस्सा खरंच थंड झाला होता. मंगेशने तो पुन्हा गरम केला, जरासा करपवलाही. तेजश्रीने सासूच्या कानात ते सांगितलं आणि राहीबाईंनी त्याला मोठ्याने ऐकवलं.

एप्रिलमध्ये पहिली कढई चढली तेव्हा अंगणात सात-आठ बायका होत्या. राहीबाईंनी धणे टाकले आणि हाक मारली, "तेजू, ये गो, वास घे." पोलादपूरहून आलेल्या गोदूबाईंनी भुवया उंचावल्या. "तिनं का? तुमचं काय झालं?"

"माजं नाक गेलंय, बाय. चार वर्सं झाली. तुमी नेताय ती भाजणी हिच्या नाकाची हाय."

एक बाई आपली मिरचीची पिशवी उचलून निघून गेली. राहीबाईंनी तिला थांबवलं नाही. गोदूबाई मात्र आपली पिशवी तेजश्रीच्या पायाशी ठेवून पायरीवर टेकल्या.

"आई, उतरवूया," तेजश्री म्हणाली.

राहीबाईंनी कढई उतरवली.