दारूघराच्या दारातली जोडवी

माझं सासर आतषबाजी करणाऱ्यांचं. अनार, भुईचक्र, बाण, लग्नाकार्यातली सगळी शोभेची दारू आमच्या घरी तयार व्हायची. म्हणून अमरावतीच्या परकोटाबाहेर, वस्तीपासून चांगलं हाकेच्या पलीकडे आमचं बिऱ्हाड. अकोल्याहून मी लग्न होऊन निघाले तेव्हा माहेरच्या बायकांनी गळ्यात पडून असा काही आकांत केला, की मी नांदायला निघाले की सरणावर, असं पाहणाऱ्याला वाटावं. मला मात्र तिथं आठ दिवसांतच करमायला लागलं. इतकं, की पहिल्या सणाला माहेरी गेले तर चौथ्या दिवशी मीच परत जायचं नाव काढलं.

घरामागे तीन खोपी होत्या, एकमेकींपासून बऱ्याच लांब. एकीत शोरा, दुसरीत गंधक, तिसरीत पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, कोळसा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "या तिघी जावा आहेत. चुली अलग असल्या तर एकीपरिस एक गुणाची. एका चुलीपाशी आल्या का घर जाळतात." तिघींची गाठ घालायची ती चौथ्या जागी, दारूघरात. तीही सकाळच्या उजेडात, पाण्याचा शिपका देऊन, एका वेळी ओंजळभरच. कुटायला लाकडी उखळ, लाकडी मुसळ. दाराशी वाळूचा एक रांजण आणि पाण्याचे दोन. पाय धुऊनच आत जायचं. दिवस कलला की काम बंद, कारण दिवा त्या अंगणात यायचाच नाही. दारूत घालायची पिवळी हरताळ तर विषच. ती खलताना नाकातोंडाला ओलं फडकं बांधायचं, आणि मग राखेनं हात घासून धुतल्याशिवाय पाण्याच्या गडव्यालाही शिवायचं नाही. एवढी शिस्त कशाला, असं कुणी विचारलं की मामाजी आपला डावा हात वर करायचे. त्याला दोनच बोटं होती. विचारणारा पुन्हा विचारत नसे.

मला वेड लागलं ते लोखंडाच्या किसाचं. जवसाच्या तेलाचा हात फिरवून तो कीस आम्ही मडक्यात जपून ठेवायचो आणि अनाराच्या दारूत सगळ्यात शेवटी, लाकडी पळीनं अलगद मिसळायचो. मडक्यात तो काळा कचरा, पण पेटला की त्याची सोन्याची फुलं. कीस किती बारीक घेतला की फूल किती मोठं होतं, हे मी करून करून शिकले, आणि वर्षभरात माझे अनार मामाजींच्या अनारांहून उंच जायला लागले. नवऱ्यानं हे बोलून दाखवलं. मामाजींनी बोलून दाखवलं नाही, पण कीस माझ्या हवाली केला.

अडचण एकच होती, माझी जोडवी. दारूघरात अंगावर धातू नको, हा नियम. घासून कुठं ठिणगी पडेल याचा भरवसा नाही. म्हणून दाराबाहेरच्या कोनाड्यात मी जोडवी काढून ठेवायची, आणि सवाष्णीनं रोज सकाळी जोडवी उतरावी हे सासूबाईंना अजिबात खपत नसे. "रोज उठून अपशकुन करून राह्यली," असं त्या भिंतीला सांगायच्या, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मीही काही गरीब गाय नव्हते. भांडी जरा जास्त आपटायची. काम संपवून बाहेर आले की जोडवी कोनाड्यात असायची आणि पायात घालताना ऊन लागायची. भिंत तापते, असं मी धरून चालले होते. पावसाळ्यातही ऊन कशी लागतात, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला होता. सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस अडल्यामुळे आमच्या वऱ्हाडातली काळी माती हसायला लागली होती. ज्याच्या घरी आधी चार अनारांत लग्न उरकायचं तो आता गाडीभर दारू मागायचा. एकदा वैशाखात एकाच दिवशी दोन लग्नं आली, एक तिवशाचं, एक वलगावच्या पाटलाचं. मामाजी आणि माझा नवरा तिवशाला जाणार, मग वलगावला कोण? मामाजी म्हणाले, "सून जाईन. पलिता गड्याच्या हातात, हुकूम हिचा."

सासूबाई उसळल्या. शेवटी त्यांनी अट घातली. "मी संगं जातो. लगन बिनघोर पार पडलं तर ठीक. काही कमीजास्त झालं, तर जोडवी पायात अन् तू चुलीपाशी. दारूघराचं नाव काढायचं नाई." मी हो म्हणाले. ते किसाचं मडकं माझ्या हातून गेलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

पहाटे माल भरला. बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा काढल्या, पेट्यांवर ओलं तरट घातलं, गाडीवान गड्याची चिलीम सासूबाईंनी मागून घेतली. तो बिचारा वलगावपर्यंत रिकामाच हात तोंडाकडे नेत होता. मी त्याला एवढी हसले, की माझी जोडवी घरी कोनाड्यातच राहिली हे अर्ध्या वाटेवर लक्षात आलं. मग हसू आटलं.

वलगावला पाटील स्वतः वेशीवर आले. माणूस दिलदार. आमच्या मालाला त्यांनी घरातली सगळ्यात मानाची जागा काढून ठेवली होती, ती म्हणजे कापसाची कोठी. छतापर्यंत कापूस रचलेला, आणि मधोमध आमच्या पेट्यांसाठी सारवून ठेवलेला चौक.

"यापरिस भारी जागा आमच्या घरात नाई," ते अभिमानानं म्हणाले.

"जागा भारीच हाय, पाटील," मी म्हटलं, "पन एक ठिणगी पडली तर कापूस, कोठी अन् वऱ्हाडी संगंच सरगाले जातीन. आमाले तुमचं खळं द्या."

पाटील खदखदून हसले. खळं गावाबाहेर, रिकामं, सारवलेलं, आसपास काडीसुद्धा नाही. मी चिमूटभर धूळ उडवून वारा पाहिला. वारा गावाकडून खळ्याकडे होता. म्हटलं, जिंकलं.

गाडी वळवतो न वळवतो तोच वाजंत्री वाजली. पाटलीणबाई पाच सवाष्णींना घेऊन गाडीकडे येत होत्या, प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात पेटलेलं निरांजन. कापसाची भरली गाडी बाजाराला निघाली की तिला ओवाळायचं, अशी त्या भरभराटीत गावोगाव रीतच पडली होती. मग हळूहळू कोणतीही भरली गाडी ओवाळायला लागले. आमची दारूची गाडीही भरलेलीच होती. आणि तरट उन्हानं वाळलं होतं.

मी किंचाळले, "दिवा मागं! मागं घ्या म्हणते ना!"

वाजंत्री थांबली. पाटलीणबाई दहा पावलांवर थबकल्या आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "लग्नाघरी सवाष्णीच्या हातचा दिवा परत फिरवते? कोन वो तू?" मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. "अन् पायात जोडवी नाई! अवो माय, हे कायले आनलं माह्या दारात?"

समजावायचं तर तोवर निरांजनं हातात, वारा सुटलेला. समोर सगळं लग्नघर अपशकुनाच्या भीतीनं गोठलेलं. संपलं, मला वाटलं. आता जन्मभर चूल.

तेवढ्यात सासूबाई गाडीवरून उतरल्या. ज्या बाईनं दोन वर्षं मला अपशकुनी म्हटलं, त्या आता पाटलीणबाईंना दुजोरा देणार, यात मला शंका नव्हती. त्या सरळ चालत गेल्या आणि पाटलीणबाईंच्या हातातलं ताट मानानं आपल्या हातात घेतलं.

"दिवा परत नाई जाऊन राह्यला, बाई," त्या म्हणाल्या, "तुळशीपाशी जाऊन राह्यला. आमच्या धंद्यात लक्ष्मीले दुरून ओवाळतात. अन् गाडीची ओटी भरतात. आना बरं नारळ-तांदूळ." आणि त्यांनी पदराची गाठ सोडली. आत माझी जोडवी होती. "हे पाहा. दारूले हात लावते तवा सुनेचं सौभाग्य सासूपाशी राह्यते. अपशकुन कायचा त्यात?"

अशी रीत आमच्या घरात कधीच नव्हती. पण ती त्यांनी अशी ठणकावून सांगितली की पाटलीणबाईंनी हात जोडले. पाचही दिवे तुळशीकडे गेले, आणि गाडीची ओटी भरली. चाकाला हळदकुंकू लागलं, बैलांना गूळ मिळाला. गड्याला चिलीम मात्र मिळाली नाही.

गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या आणि अंधार पडल्यावर खळ्यावर मी हात वर केला. गड्यानं पलिता लावला. माझे अनार झाडांच्याही वर गेले. सोन्याची फुलं उमलून उमलून खाली येत होती, आणि गाव नुसतं "हाऽऽ" करत होतं. पाटलीणबाई टाळ्या पिटत होत्या. मी आनंदानं रडले, सगळ्यांदेखत, मला लाज वाटली नाही. शेवटचं बुडखं पाण्यात विझवून, खळं दोनदा फिरून पाहून मगच आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी पाय धुतले, दारूघराच्या दाराशी जोडवी काढली आणि सवयीनं कोनाड्याकडे हात नेला. सासूबाई तिथं दारातच बसल्या होत्या.

"तिकडं कायले? दे इकडं," त्यांनी तळहात पुढे केला.

ती ऊन जोडवी तेव्हा कुठं मला कळली. "तुम्ही रोजच मुठीत घेऊन बसत होतात?" मी विचारलं.

"मंग काय," त्या चिडूनच म्हणाल्या. "तू आत दारूत, अन् म्या बाहेर रिकाम्या हातानं बसू?"

त्यांची मूठ मिटली. मी आत गेले, आणि त्या दिवशी ओंजळभर दारू कालवायला मी रोजच्याहून दुप्पट वेळ लावला.