शीलाचं दूध

हे मी कधी कुणापुढे बोलले नाही. नवऱ्यापुढे नाही, विहारात वंदनेला बसल्यावर मनातल्या मनातही नाही. तुमच्याशी बोलते आहे, कारण तुम्ही शीलाला ओळखत नाही.

शीला माझी धाकटी जाऊ. आमचं घर केशोरीत, धानाची शेती, सासू तेव्हा चांगली धडधाकट. मोबाईल गावात एखाद्याकडेच असायचा — पण ते जाऊ द्या. मी उगाच लांबण लावते आहे.

आधी माझं सांगायला हवं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला दूध पुरेसं आलंच नाही. पोरं ओढून ओढून रडायची. सासूनं ते गावभर केलं — नळावर, लग्नाच्या मांडवात, कुठेही. 'इच्या अंगात दूधच नाही, नुसती हाडं.' माझी पोरं गाईच्या दुधावर वाढली, चांगली गुटगुटीत झाली, तरी ते बोलणं माझ्या मनातून गेलं नाही. मग शीलाला मुलगा झाला, आणि तिला इतकं दूध की पोलकं सारखं ओलं. सासू येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, तेही माझ्यासमोर. मला राग कुणाचा यायला हवा होता? सासूचाच ना? पण तिच्यावर राग काढायची हिंमत कुठून आणणार — शीला हाताशी होती.

बाळ तीन महिन्यांचं असताना धानाची रोवणी लागली. माझी कंबर धरली होती, म्हणून मी घरी आणि बाळ माझ्याजवळ. शीला आणि सासू बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. दुपारी शीला धावत पाजायला यायची, दारात चिखलाचे पाय धुवायची. एके दिवशी तिला उशीर झाला. बाळ रडून लाल झालं, आणि मी त्याला वाटी-चमच्यानं गाईचं दूध पाजलं. यात काय वाईट? तिला सांगितलं असतं तर काहीच नाही. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी उशिराची वाटच पाहिली नाही. ती यायच्या थोडं आधी बाळाचं पोट भरून ठेवायची. का? खरं सांगू — त्यानं तिच्या छातीपासून तोंड फिरवावं म्हणून. आणि त्यानं फिरवलं. ती गोंधळून त्याला परत परत जवळ घ्यायची, मग न्हाणीत जाऊन ठणकणारी छाती पिळून यायची. मी तिच्यासाठी भात वाढून ठेवायची.

बाळाची शी बदलली. आधी ती पातळ पिठल्यासारखी असायची — पिवळी, कणीदार, थोड्या आंबूस वासाची. आता घट्ट, फिकट, घाण वासाची झाली. पोर कुंथून कुंथून रडायचं. दुपटी मीच धुवायची, म्हणून बरेच दिवस झाकलं गेलं. पण एका संध्याकाळी त्यानं सासूच्या मांडीवरच केली.

"काय खाल्ली वं तू?" सासू शीलावर कडाडली. "दूध नासवून ठेवली ना!"

शीलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "वास्ते खाल्ले ना तिनं परवा." वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, पावसाळ्यातली भाजी. ती आम्ही सगळ्यांनीच खाल्ली होती.

मग शीलाची भाजी बंद झाली, डाळ बंद झाली. नुसता भात आणि मीठ. सासू तिला सगळ्यांदेखत म्हणाली, "मोठीले दूध नव्हतं, तुह्यं तं असून नासकं." ते ऐकून मला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. इतकी वर्षं लपवलं आहे ते हे.

"माह्या दुधाले काऊन असं झालं, बाई?" शीला मलाच विचारायची. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. धान कापणीला येईपर्यंत तिचं दूध आटलं. मुलगा पुढे धडपणे वाढला, त्याला काही झालं नाही, म्हणून मीही स्वतःला सांगत राहिले की काही झालंच नाही.

काही वर्षांनी तिला मुलगी झाली, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. सासू तोवर गेली होती. सोबतीला मीच. सिस्टरनं मुलगी तिच्या कुशीत दिली, तर शीलानं पदर गच्च धरला. "माह्यं दूध सोसत नाही लेकराले. बाई, तुम्हीच सांगा ना सिस्टरले."

आता कुणाची भीती होती? एक वाक्य बोलायचं होतं. ओठापर्यंत आलंही होतं.

"हो सिस्टर," मी म्हणाले, "पहिल्या पोराले बाधलं होतं."

सिस्टर समजावत राहिली. शीलानं माझं ऐकलं. बाहेरच्या दुकानातून दुधाचा डबा आणि बाटली मीच आणली.

घरी निघायच्या दिवशी मुलगी माझ्या मांडीवर बाटलीनं पीत होती. शीला कुशीवर वळून तिच्याकडे पाहत होती. म्हणाली, "तुम्ही होत्या म्हणून बरं झालं, बाई." तिचं पोलकं पुढून ओलंचिंब झालं होतं. मी तिचा पदर ओढून ते झाकलं.